चाचणीचे तीस दिवस

पुण्याहून आलेला पोरगा म्हणाला, एका क्लिकमध्ये मोर.
आणि खरंच, चहा निवायच्या आत
पडद्यावर मोर. पिसाऱ्यासकट.

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
विसाच्या सुतात तोच उतरला
तेव्हा मान सुजली, डोळा बुजला.

इरय्या मामांनी चादर उलटी केली,
लोंबत्या धाग्यात करंगळी अडकवली.
"पहिल्याच धुण्यात कुणाची तरी अंगठी गुंतेल."
मग आलेखाच्या कागदावर, पेन्सिलीने,
डोळ्यासाठी चार घरं मोकळी सोडली.

रंग पालटायला मात्र बसले कॉम्प्युटरपुढे:
जांभळा, मोरपंखी, परत जांभळा.
"हे बरंय. माझं खोडरबर
कागदच फाडायचं."

तिसातले चार दिवस उरलेत.
पोरगा रोज फोन करतो, कसं वाटतंय?
किंमत विचारली की
रेंज जाते.