मिस

देवळाली कॅम्पातल्या शाळेत लागले आणि
वृषाली टिळेची एका दिवसात मिस झाले.
मिस, हिने चिमटा काढला. मिस, सू.

सातची सिटीबस मिस झाली की
हा स्कूटरवरून बिटकोपर्यंत सोडायचा.
संध्याकाळी सातपूरची शिफ्ट सुटली की
एक मिस कॉल. उचलायचा नाही.
अर्थ एवढाच : निघालो, भात लाव.

परवा पहिलीतल्या झोयानं विचारलं,
मिस, तुम्ही कोणाला मिस करता?

मराठीत बरं होतं.
आठवण येते. आपली आपण,
दारात चपला काढून.
हे म्हणे करावं लागतं.

साडेसहाला फोन वाजतो ओट्यावर.
लोनवाली असते कुणी.
मी उचलत नाही,
पण तांदूळ धुवायला घेतलेले असतात.