पुढच्या हंगामाचा इरादा

कामठीच्या क्लबने पाठवलेल्या कागदावर
शेवटून दुसरा रकाना: पुढच्या हंगामाचा इरादा.
नाव मी भरलं, तुळशीराम हेडाऊ.
वय अडतीस. हात डावा. काम, पिचर.
इथवर पेन अडलं नाही.

तो ‘खेळीन’ म्हणाला
तर कामठीवाले दोन पोरं देतात,
एक कॅचर, एक नुसता पळणारा,
दोघंही विशीच्या आतले.
‘हे शेवटचं’ म्हणाला
तर एकच, तोही गुडघ्याला पट्टा बांधलेला,
आणि वर सहा जुने ग्लव्ह्ज.
इतवारीच्या दुकानात हळद तोलावी
तसा मी रात्रभर
एका माणसाचा एक शब्द तोलत बसलो.

तुळशीराम अजनीच्या शेडमधून थेट मैदानावर आला.
हाताला ग्रीस, कोपरापर्यंत.
फक्त दोन बोटं स्वच्छ,
चेंडूच्या शिवणीवर जातात ती.

म्हटलं, भाऊ, त्यांचा माणूस शनिवारी येते,
तवरीक काही बोलू नको.
“काऊन? मले भाव आला का बे?”
मी सांगितला. दोन्ही भाव सांगितले.
तो हसला नाही, रागावलाही नाही,
नवीन जोड्याचा भाव ऐकावा तसं ऐकलं.

मग चुन्याच्या रेषेवर उभा राहून
भिंतीवर चेंडू टाकत राहिला.
अकरा एकाच विटेवर.
बारावा हातभर खाली.
तेरावा टाकलाच नाही,
कोपर दुसऱ्या हातात धरून उभा,
दुसऱ्याचं लेकरू धरल्यासारखा.

चेंडू तिकडे उताराने
पाण्याच्या टाकीकडे निघाला होता.
कोणी आणायला गेलं नाही.

“दे तो कागद.”
दिला. अध्यक्षांना काय सांगायचं
ते तेव्हा सुचलं नाही, अजून सुचलेलं नाही.
मांडीवर ठेवून त्याने लिहिलं, नाही.
वेलांटी चुकली, खोडली, पुन्हा लिहिलं.

“तो पट्टेवाला पोरगा येऊ दे.
चार महिन्यांत मी वापस येतोच,
त्याले शिकवीन, बसून टाकता येते तेवढं.
आन् ग्लव्ह्ज मोजून घे, सहा म्हणतात,
पाच देतीन.”

यासाठी कागदावर रकाना नव्हता.
मी शोधला, मागची बाजूही पाहिली.

आता ‘नाही’च्या शेजारी
ग्रीसचा एक ठसा आहे, अंगठ्याचा.
शनिवारी कामठीचा माणूस विचारेल,
ही सही आहे का डाग.