तिसरं दरपत्रक

पंचायत समितीच्या फाटकासमोर, रसवंतीला लागून
माझं दुकान : झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन अर्ज.
मार्चच्या शेवटच्या आठवड्यात
पंखा प्रिंटरकडे वळवते, मी घामात बसते.
मी बंद पडले तर चालतं.
प्रिंटर बंद पडला की तालुक्याचा विकास थांबतो.

गुणवंतभाऊ डाहाके लिहून आणत नाहीत, उभ्याउभ्या सांगतात :
अंगणवाड्यांसाठी वजनकाटे, नग बेचाळीस.
'आपला टाक चार हजार नऊशे.
साळ्याचा पाच हजार दोनशे दहा.
अन् कोहळ्याचा... टाक काहीही, सहाच्या आत.'

तिन्ही लेटरहेडं माझ्याच कॉम्प्युटरात.
तीन वेगळी माणसं वाटावीत
म्हणून मी मेहनत घेते.
पहिल्यात 'वजनकाटा' नीट लिहिते,
दुसऱ्यात तोडते, 'वजन काटा',
तिसऱ्यात मुद्दाम 'वजनकाठा'.
'मा. महोदय'मधलं टिंब एकात विसरते.
फॉन्ट बदलते. तारीख बदलत नाही,
ती आतून ठरून येते.
तुलनात्मक तक्ताही मीच टाइप करते,
खाली साहेबांच्या सहीपुरती जागा सोडून :
सर्वात कमी दर, सबब मंजुरीस हरकत नसावी.

मुरलीधर कोहळ्यांना जाऊन तीन वर्षं झाली.
कोहळे अँड सन्स.
सन्स झालेच नाहीत, एक मुलगी, वणीला दिलेली.
तरी दर मार्चला ते भाव भरतात,
खुर्च्यांचा, ब्लीचिंग पावडरचा, फवारणी पंपांचा,
आणि दर मार्चला हरतात.
इतक्या नेमानं हरणारा माणूस
मी जिवंतांत पाहिला नाही.

परवा पंचफुलाकाकू आल्या,
निराधारच्या पगारासाठी
हयातीच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला.
नेमका तेव्हाच तो कागद बाहेर येत होता, गरम,
वर निळ्या अक्षरांत नाव,
खाली आता न लागणारा फोन नंबर.
मी हात आडवा घातला, पण उशिरा.
काकूंनी कागद लांब धरला, चष्मा नव्हता.
'किती लावला वो त्यायनं?'
पाच हजार नऊशे, मी म्हणाले.
'हाव. महागच होते ते.'

मग बोट सहीवर गेलं.
सही खरी होती, जुन्या बिलावरून मीच स्कॅन केलेली.
'ळ'ला ते गाठ मारत,
कासरा बांधावा तशी.
काकू त्या गाठीवर बराच वेळ थांबल्या.
'याचीबी एक काढ.'
दोन्हीचे चार रुपये त्यांनी मोजून ठेवले,
मी नको म्हणताना.
आणि नवऱ्याचा भाव
आपल्या हयातीच्या दाखल्यात घडी करून घेऊन गेल्या.

गुणवंतभाऊंना म्हटलं, फाईल उडाली, व्हायरस आला.
ते चिडले नाहीत. रसाचा ग्लास संपवला,
मिशीवरचा फेस पुसला.
'तिसरा तर लागतेच ना बाई, नियम हाय.
तुह्याच नावाचा काढ.
हरायचंच तर हाय.'

संध्याकाळी कोरं पान उघडलं.
तक्षशीला मेश्राम, प्रोप्रायटर.
चार फॉन्ट लावून पाहिले.
एवढं मोठं नाव माझं
लग्नाच्या पत्रिकेतही नव्हतं.

मग उगाच इतवारीतल्या एका ठोक दुकानाला फोन केला,
नागपूरला, ओळख न सांगता.
तोच काटा, तीच कंपनी.
दोन हजार एकशे, तो म्हणाला, पोचवून.

दराच्या रकान्यात आकडा टाकला.
वजनकाटा बरोबर लिहिला.
टिंब दिलं.
आणि लाइट गेली.

यूपीएस ओरडतो आहे.
बॅटरी जुनी आहे,
पाच मिनिटं टिकते, कधी चार.
प्रिंटरचा हिरवा दिवा अजून चालू आहे.