मानशीची दारं

पाटोला, चौथ्या मजल्यावर,
रात्रपाळीला आम्ही दोघी, मी आणि मेल्बा,
आणि बारा पडदे,
ज्यांवर अख्खा गोवा जागा असतो, बडबडत.
कुठल्या पतसंस्थेचं, कुठल्या औषधाचं, कुठल्या पुलाचं नाव
एका तासात किती जणांच्या तोंडी आलं,
ते मोजायचं.
कुणाची नावं ठेवत नाही आम्ही,
कुणाला नावंही ठेवत नाही. फक्त आकडे.
रेषेवर गेले की घंटा.
रेष आम्हीच आखली होती: तासाला तीस.
तीसच का, कुणाला आठवत नाही.
चहा आला होता तेव्हा, एवढं आठवतं.

आदल्या आठवड्यात कुणाच्या तरी लग्नाची होडी बुडाली,
माणसं पोहून आली, केक गेला,
आणि 'बुडाली' या एका शब्दापायी
आमची घंटा पहाटेपर्यंत ठणाणत राहिली.
मेल्बाने आवाज कमी केला.
तो कमीच राहिला.

त्या मंगळवारी मात्र घंटा वाजलीच नाही.
सगळे दिवे हिरवे.
आम्ही भाजी-पाव खाल्ला,
मांडवीवरच्या कॅसिनोंचे दिवे बघत बसलो.
सकाळी डिचोलीत, पतसंस्थेच्या शटरपुढे
साडेसातलाच दोनशे माणसं.
एस्पेरान्सा बाय सगळ्यांत पुढे,
पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पोटाशी,
लेकीच्या बाळंतपणाचे चाळीस हजार.
कुणीतरी म्हणालं, बुडाली.
कोण? सगळेच.

पतसंस्था बुडाली नव्हती.
दुपारपर्यंत बुडायच्या बेतात आली.

मग आम्ही मागे जाऊन शोधलं.
'बुडाली' अकरा.
'बुडली' चौदा.
तेच रोमी लिपीत, दोन डी लावून, सतरा.
आणि एक फोटो, रविवारच्या बंद शटरचा,
त्यात शब्दच नव्हता,
तोच सगळ्यांत लांब फिरला.
एकाच हाकेचे तीन उच्चार,
यंत्राने तीन अनोळखी पाहुणे समजून
तिघांना तीन बाकांवर बसवलं.
आणि पावणेदोनपासून सव्वातीनपर्यंत तर
नळीच तुटलेली. काही येतच नव्हतं.
शून्य आलं.
शून्य हिरवं असतं.

मेल्बा म्हणाली, 'मला वाटलं, लोक झोपले.'

चोडणला माझा मामा, सगुण, मानशेकार होता.
खाजनाच्या बांधातली लाकडी दारं त्याच्या हवाली:
ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर,
भरतीला खारं पाणी बाहेरच.
पाण्याच्याच रेट्याने मिटतात ती.
तरी तो रात्री कंदील घेऊन निघायचा.
आपोआप मिटतात ना, मी विचारायची.
'मिटतात. म्हणूनच बघायचं.
आवाज नाही आला तर दोन अर्थ, बाय:
दार घट्ट बसलंय,
नाहीतर दारच नाही.'
मग काठीने फळी ठोकायचा, कान लावायचा,
कुर्ल्यांची बिळं बोटाने चाचपत जायचा.
भरतीने बांध फुटत नाही, म्हणायचा,
बिळाने फुटतो,
भरती फक्त तारीख ठरवते.

आता दर तासाला आम्ही एक खोटी अफवा सोडतो,
बंद खोलीत, बाहेर कुणाला न दिसणारी,
कधी नव्हतीच अशा एका बँकेची.
दोन मिनिटांत घंटा वाजली नाही
तर आम्ही उठायचं.
बँकेला नाव हवं होतं. मेल्बाने माझं दिलं.
त्यामुळे रोज रात्री आठ वेळा मी बुडते,
वेगवेगळ्या शुद्धलेखनात,
आणि आठही वेळा यंत्र मला ओळखतं.

एस्पेरान्सा बायने ते पैसे परत भरले नाहीत.
तांदळाच्या डब्यात आहेत म्हणे.
कुठल्या पडद्यावर ते दिसणार?

काल सातदाच ओळखलं.
पहाटे चारची मी कुठे गेले,
अजून शोधतेय.
दिवे हिरवे आहेत.
पेनाने पडद्याची कड ठोकते,
कान लावते.