घड्याळ तिच्या डाव्या हाताला

मला बुद्धिबळ येत नाही.
घोडा अडीच घरं चालतो एवढं ठाऊक आहे,
तेही तिच्यामुळे.
मी त्बिलिसीत, सुक्या पुलाच्या उतारावर
घड्याळं दुरुस्त करतो.
लामारा ग्वारामियाला मी आतून ओळखतो,
म्हणजे तिच्या घड्याळाच्या आतून.

दोन तबकड्यांचं जुनं लाकडी घड्याळ.
बाई डावखुरी, म्हणून ते कायम तिच्या डाव्या हाताला.
मागचं झाकण काढलं की कळायचं :
समोरच्यांच्या बाजूची चाकं झिजून गुळगुळीत
(इतकी माणसं तिथं विचार करत बसलेली)
आणि तिच्या बाजूची कोरी,
कालच कारखान्यातून आल्यासारखी.
फक्त बटणाला बोटाएवढा खळगा.

लोक सांगत, पाच मिनिटांच्या डावात
तिच्यासमोर बसणं म्हणजे
उतारावर सुटलेल्या ट्रॉलीबसमध्ये सुई ओवणं.
उंट फुकट देऊन टाकायची.
"चूकच होती ती," मला म्हणाली, सफरचंद चावत,
"पण सापडायला चाळीस सेकंद लागतात.
त्याच्याकडे तीस होते."

लांबलचक डावांत मात्र डाळ शिजली नाही.
वेळ अडीच तासांचा, आणि ही वीस मिनिटांत मोकळी,
बाहेर व्हरांड्यात सूर्यफुलाच्या बिया सोलत.
प्रशिक्षक वैतागून म्हणाले, हातावर बस.
कुताइसीच्या स्पर्धेत खरंच बसली,
डाव्या हातावर, चार तास.
हरली. मुंग्या आठवडाभर गेल्या नाहीत.
किताब नाही मिळाला. पेपरात नाव आलं एकदा,
आडनाव चुकवून.

मग ते वीज नसलेले हिवाळे.
बागेतल्या पत्र्याच्या शेडमध्ये रॉकेलचा दिवा,
आणि पाव लावून डाव.
अंधारात लाल निशाण पडलेलं दिसायचं नाही.
ती कानानं ओळखायची :
काटा निशाणाला उचलू लागतो
तेव्हा टिकटिक जराशी जड होते.
"भरली तुझी घटका," म्हणायची, आणि पाव ओढायची.
अर्धा मोडून परत सरकवायची,
त्याच्याकडे न बघता.

नंतर आकड्यांची घड्याळं आली,
प्रत्येक चालीला दोन सेकंद बक्षीस.
"खेळायचं की भीक मागायची?"
एकदा खेळली त्यांच्यावर. परत नाही.

आता एकोणसत्तर. हात कापतो.
वजीर उचलताना शेजारचं प्यादं पडतं,
ते उभं करण्यात तीन सेकंद जातात,
तिच्याच वेळातले.
गेल्या ऑक्टोबरात घड्याळ तेल घालायला आलं
आणि चाळीस वर्षांत न केलेली गोष्ट मी केली :
तिची बाजू मंद केली.
मिनिटामागे तीन सेकंद, बस.
कुणाला कळणार होतं.

दुसऱ्या सकाळी ते माझ्या काउंटरवर आदळलं.
"माझी बाजू लंगडतेय, साहाक."
म्हटलं, जुनं झालंय.
"मीही."
मग हळू आवाजात : "हे कुणासाठी केलंस?"
उत्तर द्यायला मला वेळ लागला.
तेवढ्यात तिनं बोट काउंटरच्या लाकडावर दाबलं,
जणू तिथं बटण आहे
आणि आता माझा वेळ चालू आहे.

मी काहीच बोललो नाही.
तिच्यासमोर झाकण उघडलं, वेगाचा काटा जागेवर आणला.
तिनं कानाला लावून ऐकलं. पैसे मोजून ठेवले.

दुपारी, पुलापलीकडे,
शाळेच्या दप्तरासकट बसलेल्या एका पोरानं
तिला वेळेवर हरवलं.
पटावर ती जिंकत होती, म्हणे.
मी दारात उभा होतो.
मोहरे परत मांडल्याचा खडखडाट,
एक प्यादं दगडी पायऱ्यांवरून घरंगळत खाली,
आणि तिचा आवाज :
"राहू दे ते. त्याच्याशिवाय खेळते.
बस, तुझा पांढरा."