बत्तीसवरून सोळा

कोराडीच्या चिमण्या पाठीशी, धूर सरळ वर,
म्हणजे वारा नाही, म्हणजे आज पंचेचाळीस.
सकाळचे साडेसहा. घाटावरून गाडी कन्हानच्या रेतीत उतरली
तेव्हा धनराज म्हणाला, "चारी चाकं ओढतात, ताई. दाब."

सदरच्या एका दंतवैद्याकडून घेतलेला हा राखाडी डबा,
नव्वद हजार किलोमीटर, सगळे डांबरी,
सीटखाली अजून लवंगेचा वास.
ऑफिसात म्हणाले होते, मॅडम, या वयात?
या वयात म्हणजे एकोणपन्नास,
त्यातली सव्वीस कोळशाच्या हिशेबात.
मी दाबलं.

पहिली शंभर पावलं नदीनं सोसली.
स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं,
सैल पिठल्यात पळी फिरावी तसं.
मग इंजिनाचा आवाज वाढला
आणि काठावरची झाडं सरकायची थांबली.
चारी चाकं ओढत होती, खोटं नाही,
चारी ओढत होती खाली.

धनराज उतरला, वाकून आला.
"दाब," म्हणाला, पण जरा हळू.
रेतीचा फवारा त्याच्या इस्त्रीच्या पँटवर.
गाडीचं पोट टेकलं.
आता ती नदीवर बसली होती
अंड्यावरच्या कोंबडीसारखी, उठायचं नाही म्हणून.

डांगरवाडीतून एक बाई आली, ओला पदर डोक्यावर.
देवकाबाई नान्हे. नाव नंतर कळलं;
आधी दिसला तो तिचा वेल, माझ्या उजव्या चाकाखाली.

"जोर नोको लावू. जितका लावशीन तितकी खाली जाशीन."
धनराज फोनवर ट्रॅक्टर शोधत होता.
"हवा सोड ना मा."
"कशातली?"
ती हसली नाही. चाकाशी बसली,
टोपण काढून चोळीत ठेवलं, आगकाडीनं दाबलं.
फुस्स्स.
"बदकाचा पाय पाह्य, मंग कोंबडीचा पाह्य.
दोघीईले चिखलात सोड."

मागचं डावं चाक मी केलं.
बोटांवर आलेली हवा गार होती,
अख्ख्या कन्हानमध्ये तेवढीच.
काटा बत्तीसवरून सोळावर यायला
किती वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं.
मध्येच पुरे वाटतं. पुरे नसतं.

मग हातांनी उकरलं.
वर पांढरी, भाजणारी.
कोपरभर खाली ओली, आणि थोडं अजून खाली
खड्ड्यात पाणी झिरपलं.
"ते चालूच रायते," ती म्हणाली,
"आमी तिलेच भरोसा ठेवून लावतो."

मी गाडीत बसले, पहिला गिअर टाकला.
"पुढं नाई. मांगं. आल्या चाकोरीनं."

चाकोरी सोडा, असं शाळेच्या निरोप समारंभापासून ऐकत आलेय.
इथे ती फक्त दाबलेली रेती होती,
आणि तेवढीच मला पेलणार होती.
आरशात बघत, पाय हलका ठेवून,
बिबट्याच्या पिंजऱ्याचं दार लावावं तसं क्लच सोडलं.
गाडी आधी थरथरली.
मग नुसती गेली.

वेलाचे दोनशे मागितले तिनं.
एक डांगर नारळाएवढं, दोन लिंबाएवढी,
तिघांचाही हिशेब तिच्याकडे होता.
नोट उलटसुलट बघून कनवटीला लावली,
"उद्या येशीन त वरच्या अंगानं ये."
धनराजला ट्रॅक्टरवाल्याचा फोन आला, आता.

पंप सात किलोमीटरवर.
सोळाच्या चाकांवर डांबरी रस्ता, ताशी तीस,
मागे कामठीचा टेम्पो हॉर्न देतोय,
मोटारसायकलवाले वळून बघतायत,
गाडी मऊ, जाडी, घरात अनवाणी चालणाऱ्या बाईसारखी.
धनराज पँट झटकतो आहे.
"पंप आला," तो म्हणतो.

मला दिसला.
पुढचा बघू.