चार नंबरचं तेल

नरसय्या येमूलनं परात खाली सरकवली,
पान्याला एक हिसका दिला,
आणि बासष्ट सालची ती दोन सीटची गाडी
हळूहळू रिकामी होऊ लागली.
साखर पेठेत सकाळी नऊलाच पत्रे तापलेले,
पलीकडे मागांची खटखट,
टॉवेलांचा गुलाबी रंग गटारीतून वाहतोय.

तेल काळं. पण काळ्यात काही चकाकत होतं.
"सोनं निघालं की वैनी," म्हणाला,
खिशातून लोहचुंबक काढून परातीत फिरवला.
चिकटला थोडासा केसाळ चिखल.
चकाकणारं हललंसुद्धा नाही.
"लोखंड असतं तर आलं असतं. हे पितळ."

मी डबा दाखवला. जीएल-फाइव्ह.
हे पुण्याहून आणायचे.
स्वतःच्या चपलेला अंगठा नसला तरी
हिला सगळ्यात महागाचं.
अकरा वर्षं.
दुकानदार सांगायचा, चारापेक्षा पाच वरचं.
यांना पटायचं.

नरसय्यानं डब्याचा वास घेतला.
"गंधक लई. मागच्या डिफरन्शियलला घाला, खुशाल.
हिच्या पोटात पितळी कड्या हैत,
दात दाताला भिडायच्या आधी वेग जुळवून देणाऱ्या.
हे तेल त्यांनाच खातंय.
आन् चात्यांना घालतो तसलं पाणचटबी नको,
हितं मे महिन्यात डांबरावर भाकरी फुगतीय.
नव्वदचं घ्या. पण चारच नंबर."

चौदा वर्षं सूतगिरणीत तेलवाला होता तो.
भोंगा बंद झाला, नाक राहिलं.

दुसरा गिअर करकरायचा तेव्हा हे
दात आवळून दांडा ढकलायचे,
म्हणायचे, वय झालं तिचं.
मी शेजारच्या सीटवर, पदर धरून.
आता कुणाला सांगू?

मधाच्या रंगाचं तेल नळीतून उतरलं.
बगलेच्या भोकातून थेंब ओघळला, तसा तो थांबला.
"काठापर्यंत. त्याच्यावर एक थेंब नाय."

होटगी रोडला, विमानतळाच्या भिंतीपाशी,
क्लच दाबला. एक, दोन मोजले.
दुसरा पडला.
करकरला, पण कमी.
माझ्या जुन्या सीटवरून नरसय्या म्हणाला,
"झिजलेलं भरून येत नसतंय."

पाच नंबरचा अर्धा डबा मी घरी आणलाय.
फाटकाच्या बिजागऱ्या लोखंडी आहेत.